जुन्या फेवरल्युबा घड्याळाचे मशीन अस्सल आहे का, हे पैसे देण्याआधी कसे ताडून पाहावे?

सर्व जाणकारांना नमस्कार.

लातूरला गंजगोलाईजवळ जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करणाऱ्या एका गृहस्थांकडे फेवरल्युबा या स्विस कंपनीचे, हाताने चावी द्यायचे एक घड्याळ विक्रीस आहे. त्यांची मागणी 14,000 रुपयांची आहे आणि ती केवळ आतले मशीन 251 क्रमांकाचे आहे, या एका आधारावर आहे. रविवारपर्यंत ते घड्याळ माझ्यासाठी राखून ठेवणार आहेत, म्हणून तातडीने विचारतो आहे.

251 असेल तर ही किंमत मला जास्त वाटत नाही. कंपनीने हे मशीन 1962 साली आणले. त्याची जाडी तीन मिलिमीटरहूनही कमी, आणि तेवढ्या जागेत एकाऐवजी दोन बॅरल (मेनस्प्रिंग, म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी स्प्रिंग, ठेवायच्या डब्या) बसवलेले, त्यामुळे एकदा पूर्ण चावी भरली की ते 50 तासांहून अधिक चालते. असे काम हातात घेऊन पाहावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

माझ्या मामांनी सुमारे चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली. काचबिंदूमुळे आता त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून परवा त्यांना सोबत नेले, त्यांचे भिंग मी डोळ्याला लावले आणि जे दिसेल ते त्यांना सांगत गेलो. झाकण उघडण्यापूर्वी त्यांनी घड्याळ कानाशी धरले. ठोका सेकंदाला पाच, म्हणजे तासाला 18,000 चा आणि एकसारखा आहे, मात्र घड्याळ पालथे केल्यावर तो दबतो, असे ते म्हणाले. डायल नव्याने रंगवलेले आहे, हे तर मलाही कळले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

खरी शंका झाकण उघडल्यावर आली. ब्रिजवर (चाके वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीवर) कंपनीचे नाव आणि 17 ज्वेल (चाकांची झीज टाळणारे खडे) असे कोरलेले आहे. पण ब्रिज पांढराशुभ्र चकाकतो आणि त्याखालची प्लेट मात्र पिवळट, मळकी आहे. ब्रिजच्या तीन स्क्रूंपैकी एकाचे डोके निळे आहे, दोघांचे पांढरे, आणि त्या दोघांच्या खाचा पेचकसाने कुरतडलेल्या आहेत. यानंतर मामांनी मला बॅलन्सच्या (मागेपुढे फिरून ठोका देणाऱ्या) चाकाजवळ, प्लेटवर पाहायला सांगितले, कारण मूळ मशीन कोणी बनवले त्याचा शिक्का आणि क्रमांक बहुतेक तिथेच असतो. तिथे तेल वाळून काळा थर बसला होता, तरीही चाकाच्या आऱ्यांमधून मला 96 हा आकडा स्पष्ट दिसला. त्याच्या आधीची अक्षरे वाचता आली नाहीत.

96 ऐकताच मामा गप्प झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे फाँटेनमेलॉनचं स्टँडर्ड 96 असावं. माझ्या हाताखालून शेकड्यांनी गेलंय. मशीन वाईट नाही, पण ते 251 नव्हे."

आता माझी अडचण अशी आहे. स्वित्झर्लंडच्या अनेक कंपन्या फाँटेनमेलॉनसारख्या दुसऱ्या कारखान्यातून कच्चे मशीन घेऊन त्यावर आपले नाव घालत असत, त्यामुळे परका शिक्का दिसला एवढ्यावरून घड्याळ जोडतोडीचे ठरत नाही. दुसरीकडे, 251 चा ब्रिज 96 च्या प्लेटवर बसणे शक्य नाही; म्हणजे हे नाव एकतर कारखान्यातच घातलेले आहे किंवा पुढे कोणीतरी कोरून घेतलेले आहे. मूळ कोरीव अक्षरे आणि मागाहून कोरलेली अक्षरे भिंगाखाली कशी वेगळी ओळखावीत? मला अक्षरांच्या कडा किंचित उचललेल्या वाटल्या, पण माझी नजर सरावलेली नाही. दोन बॅरल आहेत की एक, हे ब्रिज न काढता बाहेरून कळते का? चावीची दांडी केसच्या छिद्राच्या नेमकी मधोमध येत नाही, थोडी वर घासते. मशीन मूळ केसमधले नसल्याची ही खूण मानावी का?

एक परीक्षा मी स्वतः ठरवली आहे. विक्रेत्यांच्या संमतीने शुक्रवारी सकाळी दहा वाजता पूर्ण चावी भरून घड्याळ त्यांच्याच कपाटात ठेवायचे आणि रविवारी दहाला पाहायचे. 48 तासांनंतरही ते चालू असेल, तर मामांचा अंदाज मला पुन्हा तपासावा लागेल, कारण एका बॅरलची जुनी मशीन सहसा इतका वेळ टिकत नाहीत. बंद पडले असेल तर मात्र त्यावरून काही सिद्ध होणार नाही. मेनस्प्रिंग थकलेली असेल तर खरे 251 सुद्धा आधीच थांबेल.

ज्यांच्याकडे खात्रीचे 251 आहे, त्यांनी बॅलन्सजवळचा शिक्का नेमका कुठे आणि कसा आहे, ते कृपया सांगावे. छायाचित्र दिलेत तरी सोबत वर्णन शब्दांत जरूर लिहा, कारण मला ते मामांना वाचून दाखवायचे आहे.