गोल्डनचं पिल्लू, पार्किंगमधली तपकिरी आणि नसबंदीचं वय

बी-३०४: नमस्कार मंडळी. आमचा गोल्डन रिट्रीव्हर पाच महिन्यांचा झाला. डॉक्टर म्हणतायत, सहावा संपला की नसबंदी करून टाका. कुणाचा अनुभव आहे का?

ए-१०१ काका: करून टाका. लहान वयात जखम पटकन भरते. भुंकणंही थांबेल.

डी-७०२ ताई: काका, जखम पटकन भरते हे खरं, पण भुंकणं काही त्यानं थांबत नाही. मादीच्या वासानं पळ काढणं, दिसेल तिथे पाय वर करणं, हे कमी होतं.
@बी-३०४ नर गोल्डन आहे म्हणून कळकळीनं सांगते, वर्षभर तरी थांबा. लांब हाडांच्या टोकांना वाढीच्या पट्ट्या असतात. त्या वेळेवर मिटतात त्या लैंगिक हार्मोन्समुळे. ते लवकर बंद पडले की हाडं जास्त दिवस वाढत राहतात, पाय उंच होतात आणि सांध्यांचं गणित बिघडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये बेंजामिन हार्ट यांच्या गटानं ७५९ गोल्डनच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी १० टक्क्यांना हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा खोबणीत नीट न बसणं) होता, नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट. गुडघ्याचा लिगामेंट तुटल्याची नोंद नसबंदी न झालेल्या एकाही कुत्र्यात नव्हती. लवकर केलेल्या नरांत ती ५ टक्के, माद्यांत ८ टक्के.

सी-२०३: बाप रे. आमच्या पॉमेरेनियनचं काय मग?

डी-७०२ ताई: त्याची काळजी नको. त्याच गटानं २०२० मध्ये ३५ जाती तपासल्या, छोट्या जातींत सांध्यांचा हा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणून तर सगळ्यांना एकच वय लावू नये.

सी-६०१ काकू: मी तर ऐकलंय, मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येत चांगली राहते.

डी-७०२ ताई: नाही हो काकू, त्याचा तब्येतीला काही फायदा नाही. उलट नसबंदी न झालेल्या माद्यांना उतारवयात गर्भाशयात पू होऊ शकतो. भरपूर पाणी पिते, खाणं सोडते, आणि घरच्यांना कळेपर्यंत जिवावर बेतलेलं असतं. स्तनांच्या गाठींचंही आहे. पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर धोका अगदी नगण्य, असं १९६९ चा अभ्यास सांगतो. त्यातल्या आकड्यांवर पुढे शंका घेतल्या गेल्या, पण बहुतेक डॉक्टर आजही तो लक्षात घेतात. दुसरी बाजूही सांगते. मोठ्या जातीच्या मादीचं फार लवकर केलं तर पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होऊ शकतो.

ए-१०१ काका: मग पार्किंगमध्ये जनरेटर रूमपाशी बसते ती भटकी कुत्री, तपकिरी? तिलाही वर्षभर थांबवायचं का?

डी-७०२ ताई: अजिबात नाही काका! ती सहा महिन्यांची झालीय, आता कधीही माजावर येईल. त्यानंतर ६३ दिवसांच्या आसपास आपल्या पार्किंगमध्ये पाच-सहा पिल्लं, पावसात भिजलेली, गाड्यांखाली झोपलेली. गेल्या वर्षी आपण ते पाहिलंय, मला पुन्हा बघवणार नाही. शिवाय ती काही २० किलोंची होणार नाही. त्याहून हलक्या मिश्र जातीच्या कुत्र्यांत लवकर नसबंदीनं सांधे बिघडल्याचं हार्ट यांच्या गटाला आढळलं नाही. तिच्यासाठी उशीर हाच खरा धोका आहे.

सेक्रेटरी: महापालिकेला आजच कळवतो. पण नेली की परत आणणार ना? काही सभासद विचारतील.

डी-७०२ ताई: हो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रेबीजची लस देऊन, कानाला खाच पाडून जिथून नेली तिथेच सोडतात. काकू, सकाळी तुम्हीच तिला खाऊ घालता. गाडी येईल त्या दिवशी तुम्ही समोर असाल तर ती बिथरणार नाही.

सी-६०१ काकू: येईन की. माझ्या हातून ती पट्टासुद्धा घालून घेते.

बी-३०४: ताई, ठरलं, आम्ही वर्षानंतरच करू. तोवर काय सांभाळायचं?

डी-७०२ ताई: वजन वाढू देऊ नका, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. फरशीवर घसरत असेल तर चटया टाका. आणि पट्ट्याशिवाय खाली आणू नका, निदान तपकिरीचं ऑपरेशन होईपर्यंत तरी.