अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील तक्रारी पार्लमेंटऐवजी राजाविरुद्ध का आहेत?

सातासमुद्रापार:

नमस्कार मंडळी. माझी मुलगी न्यू जर्सीत नववीत शिकते. १७७६ च्या जाहीरनाम्यातील तक्रारी वाचून त्या प्रत्येकीमागचा प्रसंग शोधण्याचा अभ्यास तिला शाळेतून मिळाला आहे, आणि गेले दोन रविवार आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर तो मजकूर पसरून बसतो आहोत. वाचता वाचता मला स्वतःलाच दोन शंका आल्या. १७६५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींतली जी माणसे स्वतःला राजाची, म्हणजे तिसऱ्या जॉर्जची, एकनिष्ठ प्रजा म्हणवत होती आणि इंग्लंडच्या कायद्याचा अभिमान बाळगत होती, त्यांनीच अवघ्या अकरा वर्षांत त्या राजाशी संबंध तोडावा, हे कसे घडले? आणि कर जर पार्लमेंटने बसवले होते, तर सगळा दोष राजाच्या माथी का? ‘पार्लमेंट’ हा शब्द त्या जाहीरनाम्यात एकदाही येत नाही, हे मुलीनेच माझ्या लक्षात आणून दिले. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुने कागद:

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर असे, की त्या लोकांनी सुरुवातीला नवे काहीच मागितले नव्हते. जे आपले आहे तेच ते मागत होते, आणि ते आपले आहे याचे लेखी पुरावे त्यांच्यापाशी होते. १६०६ मध्ये राजा जेम्स याने व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या वसाहतीसाठी जी सनद दिली, तिच्यात तेथे राहायला जाणाऱ्यांना आणि तेथे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलाबाळांना, जणू ती इंग्लंडातच जन्मली आहेत असे समजून, तिकडचे सर्व हक्क राहतील असे स्पष्ट लिहिले होते. मग इंग्लंडातले हक्क कोणते? १२१५ च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या जुन्या सनदेतले कलम, की बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणाही स्वतंत्र माणसाला तुरुंगात टाकू नये. १६२८ च्या हक्कांच्या अर्जातली हमी, की पार्लमेंटच्या संमतीवाचून कर नाही. आणि १६८९ चा हक्कांचा कायदा. व्हर्जिनियाच्या लोकांनी १६१९ पासून आपली प्रतिनिधिसभा चालवली होती, त्यामुळे ‘संमती’ म्हणजे आपल्या या सभेची संमती, हे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेले होते.

या सगळ्याला पहिला मोठा धक्का बसला तो मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या बोस्टनच्या न्यायालयात, करापायी नव्हे तर झडतीच्या वॉरंटापायी. जकात खात्याच्या अधिकाऱ्यांकडे अशी वॉरंटे असत, की ज्यांवर ना घराचे नाव, ना मालाचे. ते दाखवून कोणाच्याही घरात वा वखारीत दिवसाढवळ्या शिरता येई. ही वॉरंटे राजाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी रद्द होत. ऑक्टोबर १७६० मध्ये दुसरा जॉर्ज वारला, नव्या वॉरंटांचा प्रश्न आला आणि व्यापाऱ्यांच्या वतीने जेम्स ओटिस हा वकील फेब्रुवारी १७६१ मध्ये उभा राहिला. राज्यघटनेच्या विरुद्ध जाणारा कायदा पार्लमेंटने केला तरी तो रद्दबातलच, असे त्याने कित्येक तास मांडले. न्यायालयाने लंडनहून अभिप्राय मागवला आणि अखेर निकाल वॉरंटांच्या बाजूने दिला. ओटिस हरला, पण ते भाषण ऐकायला बसलेल्या जॉन अ‍ॅडम्स या तरुण वकिलाने पुढे म्हातारपणी लिहिले, की स्वातंत्र्याचे मूल त्या जागी, त्या वेळी जन्मले. मला स्वतःला हा प्रसंग १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात रिकाम्या केलेल्या चहाच्या पेट्यांपेक्षा फार महत्त्वाचा वाटतो.

बाराखडी:

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात मुद्रांक कायद्याची भर घालतो, कारण स्टँप पेपरसाठी रांगेत उभे राहिलेल्या आपल्या लोकांना तो चटकन समजेल. मार्च १७६५ मध्ये संमत झालेला हा कायदा १ नोव्हेंबरपासून लागू व्हायचा होता. खरेदीखत, मृत्युपत्र, कोर्टातला दावा, वर्तमानपत्र, पंचांग, सगळे छाप मारलेल्या कागदावरच हवे. पत्त्यांच्या एका जोडाला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा शिलिंग, विद्यापीठाच्या पदवीच्या कागदाला दोन पौंड. रक्कम मोठी नव्हती असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात, की वकील, छापखानेवाले आणि व्यापारी, म्हणजे ज्यांना लिहिता आणि बोलता येत होते, नेमक्या त्याच लोकांच्या हातातला प्रत्येक कागद या कायद्याने धरला होता.

त्याहून जिव्हारी लागणारे कलम शिक्षेचे होते. कायदा मोडल्याचा खटला नाविक न्यायालयात चालवता येणार होता आणि तेथे ज्यूरी नसे. आपल्या गावातल्या बारा माणसांपुढे उभे राहण्याचा जो हक्क ते मॅग्ना कार्टापर्यंत मागे नेत असत, तो एका ओळीने गेला. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, तेव्हा त्यांच्या ठरावांत कर आणि ज्यूरी हे दोन्ही मुद्दे आहेत, आणि राजाप्रती निष्ठाही आहे. लंडनहून उत्तर आले, की मँचेस्टरचाही एकही सभासद पार्लमेंटमध्ये नाही, तरी पार्लमेंट त्याचे हित पाहतेच. तीन हजार मैलांवरच्या माणसाला हे उत्तर पटणे शक्य नव्हते.

१७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला. पण त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा केला, की वसाहतींना ‘सर्व बाबतींत’ बांधून ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे. खरी गाठ येथे बसली. म्हणूनच १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त होऊनही बोस्टनच्या लोकांनी १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या बंदरात रिकाम्या केल्या. चहाच्या दर पौंड वजनामागे तीन पेन्सचा कर तसाच होता, आणि तो मुकाट्याने भरणे म्हणजे तो अधिकार मान्य करणे होते.

नीराकाठ:

दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर राखून एक आक्षेप नोंदवते. हक्कांची ही कहाणी खरी असली तरी ती पुरी नाही. १७६३ च्या राजाज्ञेने अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करण्यास मनाई केली, आणि जमिनीच्या खरेदीविक्रीत पैसा गुंतवलेल्या व्हर्जिनियातील बड्या लोकांना ती बोचत होती. ती जमीन मूळ रहिवाशांची होती; त्यांचा उल्लेख जाहीरनाम्याच्या शेवटच्या तक्रारीत ‘निर्दय रानटी’ असा केला आहे. आपल्या मुलीला ती ओळ वगळू नका असे आवर्जून सांगा. थॉमस जेफरसनने लिहिलेल्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाला देणारा परिच्छेद होता. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो काढून टाकला, आणि लिहिणारा जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता.

तरीही हक्क म्हणजे नुसता बहाणा होता, असे मी म्हणणार नाही. एकदा कागदावर उतरलेला शब्द ज्यांच्यासाठी लिहिला नव्हता, त्यांनीही तो उचलला. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असे लिहिले होते. त्यानंतर वर्षभरातच, १७८१ मध्ये, एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीने त्या राज्यघटनेच्या जोरावर दावा लावला आणि ज्यूरीने तिला मुक्त केले. गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकन लोकांच्या गौरवार्थ महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांना अर्पण केली, ती या लांबलेल्या लढ्याकडे पाहूनच.

जुने कागद:

नीराकाठ यांचा आक्षेप मान्य आहे. आता राहिलेल्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो.

१७७४ च्या सुमारास जेफरसन, जेम्स विल्सन आणि जॉन अ‍ॅडम्स यांचा युक्तिवाद असा झाला होता, की प्रत्येक वसाहतीची स्वतःची सभा हेच तिचे पार्लमेंट, लंडनच्या पार्लमेंटचा आमच्यावर मुळातच अधिकार नाही, आम्हाला जोडणारा धागा फक्त राजा. जो अधिकार कधी मानलाच नाही, त्याच्यापासून फारकत कशी घेणार? तोडायचा धागा एकच उरला होता. त्यातही जुलै १७७५ मध्ये काँग्रेसने राजाकडे सलोख्याचा शेवटचा अर्ज पाठवला होता. राजाने तो स्वीकारला नाही, ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केले, आणि डिसेंबरमधल्या कायद्याने त्यांची जहाजे शत्रूची मानली जाऊ लागली. जाहीरनाम्यात राजाने आम्हाला आपल्या संरक्षणाबाहेर काढून येथले राज्य सोडले असे जे म्हटले आहे, त्याचा अर्थ हा आहे.

आणि ही भाषाही उसनी आहे. १६८९ च्या कायद्यात दुसऱ्या जेम्स राजाने राज्य सोडले असे म्हणून त्याच्या अपराधांची अशीच ओळीने यादी दिली आहे. मुलीला दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचायला सांगा.

सातासमुद्रापार:

सर्वांचे मनापासून आभार. आज दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. शांततेच्या काळात उभे सैन्य ठेवणे, लोकांच्या माथी शिपायांचे बिऱ्हाड मारणे, संमतीवाचून पैसा उकळणे, हे तिन्ही आरोप दोन्हीकडे सापडले आणि मुलीने ते हिरव्या पेन्सिलीने जोडले. एक तक्रार मात्र १६८९ मध्ये सापडत नाही: न्यायाधीशांची नोकरी आणि पगार राजाने स्वतःच्या मर्जीवर ठेवल्याची. ती कोठून आली?

जुने कागद:

त्यासाठी इंग्लंडच्या राजगादीचा वारसा ठरवणारा १७०१ चा कायदा पाहावा. त्याने इंग्लंडातील न्यायाधीशांना वर्तणूक चांगली असेपर्यंत पदावर राहण्याची हमी दिली, वसाहतींतल्या न्यायाधीशांना ती मिळाली नाही. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांचा पगार तेथील सभेच्या हातून काढून जकातीच्या उत्पन्नातून, म्हणजे राजाच्या तिजोरीतून, देण्याचे ठरले, तेव्हा बोस्टनमध्ये मोठा क्षोभ झाला. ही ओळ त्या वर्षाशी जोडावी.