दहावीनंतर लातूर: हे ठरवणार कोण?

मिरजेची_आई: लेक दहावीला आहे. अकरावीला लातूर आणि दोन वर्षं तिथे नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी, असं घरात ठरलंय. ठरवलं तिच्या बाबांनी आणि आजोबांनी. घर सोडून राहायचंय तिला, मग आधी तिच्याशी बोलायला नको? तुमच्याकडे कसं करता?

औशाचा_गडी: ताई, विचारलंत की ती 'नको'च म्हणणार. या वयात घर सोडायला कोण तयार असतं? आमच्याकडे दरवर्षी गावोगावची पोरं येतात, आठ-पंधरा दिवस रडतात, मग रुळतात. सरकारी कॉलेजात एमबीबीएसला नंबर लागला की हीच पोरं पेढे घेऊन येतात. फी आपण भरतो, निर्णयही आपणच घ्यायचा.

चाफा: जी रुळत नाहीत ती पेढे घेऊन येत नाहीत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. मी शाळेत समुपदेशक आहे. झोप उडालेलं पोर फोनवर 'मजेत आहे' म्हणतं, कारण बाबांनी काढलेलं कर्ज त्याला माहीत असतं. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नका अशा सूचना काढल्या, त्या उगाच नाहीत.

औशाचा_गडी: 'किंवा दहावीच्या परीक्षेनंतर' असंही आहे त्यात. पूर्ण वाचा.

तेराचा_पाढा: मला दोन्ही बाजू पटत नाहीत. पुष्कळ घरांत विचारायचं नुसतं नाटक चालतं. आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत पुन्हापुन्हा विचारतात. त्यापेक्षा ठरलेलं काय आणि तिच्या हातात काय, ते सरळ सांगा. आम्ही मुलासमोर फी, होस्टेल, मेस असा सगळा हिशेब मांडला. पैशांची मर्यादा आमची, विषय त्याचा. शिवाय जमलं नाही तर दिवाळीला परत ये, कुणी टोमणा मारणार नाही, असं आजोबांकडूनही कबूल करून घेतलं. ते सगळ्यात अवघड गेलं!

औशाचा_गडी: आणि भरलेली फी?

चाफा: मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत द्यावी, असं त्याच सूचनांमध्ये आहे.

औशाचा_गडी: कागदावर!

मिरजेची_आई: काल रात्री तिला विचारलं. म्हणाली, "लातूर चालेल गं, पण मला बायोलॉजी नकोय." हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

औशाचा_गडी: मग इंजिनिअरिंगच्या जेईईला घाला की!