मदत हवी आहे : अभिवाचनासाठी ब्रिगेडियर जेरारची कोणती गोष्ट घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे नगरला एका वाचनालयात दर महिन्याला अभिवाचन असतं. एक वाचक, एक गोष्ट, पाऊण तास आणि नंतर चहा. पुढची पाळी माझी आहे आणि मी आर्थर कॉनन डॉयलच्या ब्रिगेडियर जेरारवर अडून बसलोय. मराठी मसुदाही मीच करतोय. गोष्ट कोणती घ्यायची ते मात्र ठरत नाहीये. ज्यांनी या गोष्टी वाचल्या आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी : एत्येन जेरार हा नेपोलियनच्या घोडदळातला हुसार (हलक्या, चपळ घोडदळाचा) अधिकारी, मूळचा फ्रान्सच्या गॅस्कनी भागातला. आता म्हातारा झालाय आणि पॅरिसच्या कॅफेत बसून मित्रमंडळींना तरुणपणीचे पराक्रम ऐकवतो. त्याच्यासारखा घोडेस्वार फ्रेंच सैन्यात नव्हता, त्याच्यासारखी तलवार कुणाची चालत नव्हती आणि त्याला बघून विरघळली नाही अशी बाई युरोपात नव्हती, असं त्याचं प्रामाणिक मत. डिसेंबर १८९३ मध्ये डॉयलने होम्सला धबधब्यात ढकललं आणि बरोब्बर वर्षाने त्याच स्ट्रँड मासिकात हे महाशय मिशीला पीळ देत हजर झाले. पहिलं पुस्तक १८९६ चं, दुसरं १९०३ चं.

वाचताना मला सगळ्यात आवडतं ते हे की जेरार बढाईखोर आहे, पण थापाड्या नाही. सांगतो ते त्याने खरोखर केलेलं असतं. धाडस खरं, जखमा खऱ्या. फक्त आपण जे केलं त्याचा अर्थ काय, हे त्याच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मात्र लगेच शिरतं. सगळा विनोद या फटीत आहे.

(इथून पुढे दोन गोष्टींची गंमत फोडतोय. वाचायच्या असतील तर सरळ प्रतिसादांच्या खाली उडी मारा.)

पहिली, त्याला पदक मिळाल्याची. साल १८१४, नेपोलियन चहूबाजूंनी घेरलेला. रँसहून पॅरिसला भाऊ जोसेफकडे एक पत्र न्यायचं काम तो जेरारला देतो, आणि रस्ताही आखून देतो. तो रस्ता थेट शत्रूच्या मुलखातून जातो. जेरारला वाटतं, एवढं बिकट काम दुसऱ्या कुणाला झेपणार? मग कोसॅकांना (शत्रूच्या रशियन घोडेस्वारांना) चुकवत, वेषांतर करत, मारामाऱ्या करत पठ्ठ्या पत्र पोचवतो. परत येऊन छाती काढून उभा राहतो तर बादशहा संतापाने लाल. कारण ते पत्र शत्रूच्या हाती पडावं म्हणूनच लिहिलेलं! जेरार पकडला जाईल या खात्रीने त्याची निवड झालेली. शेवटी नेपोलियन पदक देतो, आणि म्हणतो की माझ्या सैन्यात सगळ्यात जाड डोकं याचं असेल, पण सगळ्यात दणकट काळीजही याचंच.

दुसरी, कोल्ह्याची. पोर्तुगाल, इंग्रज सेनापती वेलिंग्टनने उभारलेली तोरेस व्हेद्रासची तटबंदी, समोर नेपोलियनचा सेनापती मासेना याचं उपाशी फ्रेंच सैन्य. जेरार टेहळणीला शत्रूच्या हद्दीत शिरतो, स्वतःचा घोडा गमावतो आणि एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याचा घोडा पळवतो. तो निघतो शिकारीचा. इंग्रज अधिकारी युद्धातही कुत्र्यांचे ताफे बाळगून कोल्ह्यांमागे दौडत असत, हा इतिहास आहे. समोर कोल्हा, मागे कुत्री, कुत्र्यांमागे लाल कोटातले इंग्रज. घोडा आपल्या सवयीने उधळतो आणि जेरारलाही चेव चढतो. सगळ्यांना मागे टाकून, अगदी कुत्र्यांनाही मागे टाकून, तो तलवारीच्या एका वारात कोल्ह्याचे दोन तुकडे करतो. मागून इंग्रज मुठी नाचवत आरडाओरडा करत येतात. जेरारला वाटतं, वा! शत्रू असून काय दिलदार माणसं! कशी दाद देतायत!

माझ्या मते कोल्ह्याची गोष्ट कितीतरी सरस आहे. अडचण अशी की त्या खेळात कोल्हा कुत्र्यांनीच मारायचा असतो, आणि घोडेस्वाराने कुत्र्यांच्या पुढे जाणं हाच मोठा अपराध, मग तलवार चालवणं तर दूरच. हे ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, मारला कोल्हा, त्यात काय एवढं? आधी नियम सांगितले तर शेवट फुटतो. नंतर सांगितले तर विनोद समजावून सांगावा लागतो, म्हणजे संपलंच.

दुसरी धास्ती श्रोत्यांची. नगरला चिलखती दलाचं केंद्र असल्यामुळे आमच्याकडे दोन-तीन निवृत्त रिसालदार आणि एक दफेदार नेमाने येतात. घोडे जाऊन रणगाडे आले तरी हुद्दे घोडदळाचेच राहिले आहेत. शूर स्वाराच्या अकलेवर हसणारी गोष्ट त्यांच्यापुढे वाचावी का?

आणि नेपोलियनच्या लढायांची प्रस्तावना किती द्यावी? मागे एकांनी प्रस्तावनेतच वीस मिनिटं घेतली होती. चहा आधी द्यावा लागला.

प्रतिसाद

कोल्हाच घ्या. नियमांची काळजी डॉयलने स्वतःच मिटवली आहे, तुम्ही गोष्टीचा पहिला भाग गाळायचा विचार करताय का? त्यात जेरार बोलायला लागण्याआधी लेखक बोलतो. फ्रेंचांमध्ये लुटारू होते, जुगारी होते, द्वंद्वखोर होते, त्या सगळ्यांना इंग्रजांनी माफ केलं, पण एका अधिकाऱ्याने असा भयंकर गुन्हा केला की त्याची बातमी इंग्लंडात पोचल्यावर खेड्यापाड्यातले जमीनदार रागाने लाल झाले. गुन्हा कोणता ते सांगतच नाही. आणि ज्याने केला त्याला मरेपर्यंत पत्ता नाही, असंही सांगून टाकतो. हा भाग जसाच्या तसा वाचा. श्रोता सगळा वेळ गुन्ह्याची वाट बघत बसतो, आणि तलवार उपसली की त्याला आपोआप कळतं. कुत्री कोल्ह्याला मारतात एवढं एक वाक्य शिकारीच्या वर्णनात जाता जाता घाला, पुरे.

एक विनंती. वाचताना तुम्ही हसू नका, डोळे मिचकावू नका, ऐतिहासिक नाटकासारखा आवाजही काढू नका. त्याचा स्वतःवर पूर्ण विश्वास आहे. वाचणाऱ्याने 'बघा हा कसा येडा' असं सुचवलं की गोष्ट मेली.

प्रतिसाद

वरच्यांशी असहमत. पदकाची गोष्ट. ही जेरारची सगळ्यात पहिली छापलेली गोष्ट, आणि १८९४ च्या अमेरिका दौऱ्यात, छापून यायच्या आधी, डॉयलने ती स्वतः श्रोत्यांपुढे वाचली होती. म्हणजे अभिवाचनाची कसोटी तिने जन्मतःच दिली आहे. शिवाय त्या मार्चमध्ये नेपोलियनचं एक खरं पत्र, बायकोला लिहिलेलं, शत्रूच्या हाती लागलं, त्यातून त्याचा बेत फुटला आणि महिना संपायच्या आत पॅरिस पडलं. पत्र न पोचल्याने खरा नेपोलियन गोत्यात आला, आणि गोष्टीतला पत्र पोचलं म्हणून चिडतो. इतिहास वाचणाऱ्याला यात वेगळीच मजा आहे.

फौजी मंडळींची काळजी सोडा. माझे वडील फौजेत होते. प्रत्येक रेजिमेंटमध्ये एक जेरार असतो आणि तो कोण हे सगळ्यांना माहीत असतं, एकट्या त्याला सोडून.

प्रतिसाद

नगरकर असून वेलिंग्टनची ओळख करून द्यायला पोर्तुगालपासून कशाला सुरुवात करताय? तेव्हा तो आर्थर वेलस्ली होता आणि ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने शिंद्यांच्या शिबंदीकडून तुमचाच भुईकोट किल्ला घेतला. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, असईची लढाई. 'किल्ल्यावर चालून आलेला तो साहेब सात वर्षांनी पोर्तुगालात तटबंदी बांधून बसला होता' असं म्हणा, झाली प्रस्तावना. अर्धं मिनिट.

प्रतिसाद

जेरार आवडत असेल तर मूळ झराही बघा. मार्बो नावाचा नेपोलियनचा खराखुरा घोडदळ अधिकारी होता, १८५४ मध्ये वारला, आणि त्याच्या आठवणी १८९१ मध्ये छापून आल्या. डॉयल त्यांच्यावर फिदा होता. आयलाऊच्या लढाईत आपल्या लिझेत नावाच्या घोडीने एका रशियन सैनिकाचा चेहरा चावून काढला, असं मार्बो गंभीरपणे लिहितो. जेरार त्यामानाने संयमी वाटतो.

फ्लॅशमन नावाच्या इंग्रज फौजी अधिकाऱ्याची कादंबरीमालिका मात्र (पहिलं पुस्तक १९६९) अभिवाचनाला घेऊ नका. तो अगदी उलटा : भित्रा, लबाड, वर ते स्वतः कबूल करणारा. एका भागात १८५७ ची झाशी आणि राणी लक्ष्मीबाई आहेत, त्यामुळे मोह होईल. पण भाषा आणि बायकांबद्दलचं लिखाण असं आहे की चहापर्यंत कुणी थांबणार नाही.

प्रतिसाद

हक्कांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. डॉयल १९३० मध्ये वारला. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क, म्हणजे तो केव्हाच संपला. मूळ इंग्रजीवरून तुम्ही स्वतः मराठी करत असाल तर परवानगी नको. दुसऱ्या कुणाचा अनुवाद घेतलात तर त्याची परवानगी लागेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कोल्हा नक्की. लेखकाचा सुरुवातीचा भाग मी खरंच गाळणार होतो, आता तो आधी आणि संथपणे वाचेन. भुईकोट किल्ल्याचं वाक्य तर उचललंच. पदकवाल्यांनी रागावू नये, पुढच्या वर्षी पाळी आली तर तीच.

आता एकच राहिलं. शिकार सुरू होताना कर्णा वाजतो तो कशासारखा काढावा? तोंडाने काढून बघितला, घरच्यांनी खिडकी लावून घेतली. कुणाकडे तुतारी किंवा बिगूल आहे का, एका संध्याकाळीपुरता? नगर, भिंगार, सावेडी कुठूनही येऊन घेऊन जाईन.