पऱ्हाटी बांधावर जाळण्यापेक्षा गावातच वीज का करू नये?

चोपड्याचा नाना
वेचणी संपून कपाशी उलंगली की आमच्याकडे बांधाबांधावर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या उरलेल्या झाडांचा, धूर. हिशोब मांडतो, चुकला तर सांगा. एकरी साधारण १ टन वाळलेली पऱ्हाटी निघते. गॅसिफायरला, म्हणजे काडी अर्धवट जाळून इंजिनासाठी गॅस करणाऱ्या यंत्राला, एका युनिटला सव्वा ते दीड किलो काडी लागते. म्हणजे एकरी ७०० युनिट धरा. ५ एचपीची मोटर ८ तासांत तीसेक युनिट खाते, म्हणजे एका एकराच्या काडीवर ती तीन आठवडे चालेल. बिहारमध्ये २००७ पासून भाताच्या तुसावर खेड्यांत दिवे लागलेत. मग आपलं घोडं कुठे अडलंय?

रावेरकर
नाना, तूस राइस मिलच्या दारात आयतं ढिगाने पडतं. पऱ्हाटी उपटायला मजूर, मोळ्या बांधायला मजूर, वाहायला ट्रॅक्टर, वर कुट्टी. आणि २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ आहे. फुकटच्या विजेसमोर तुमची काडीची वीज घेणार कोण?

धुळ्याहून
नाना, तुमनं गणित खरं शे भो, पण रात्री ३ वाजता येणारी थ्री फेज फुकट असली तरी पाणी भरायला साप-विंचवातून जावं लागतं. त्याचं बिल कोण माफ करणार?

रावेरकर
त्यासाठी सौर पंप आहे की. दिवसा चालतो, काडी मागत नाही.

यावलची केळीवाली
आमच्याकडे पऱ्हाटी कमी, केळीचे खांब जास्त. घड कापला की खांब नाल्यात नाहीतर रस्त्याच्या कडेला. त्यांची वीज करा म्हणणाऱ्यांनी आधी एक खांब उचलून बघावा. कोयता मारला की पाणी गळतं, चीक कपड्याला लागला तर डाग जन्मात जात नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच ते, गॅसिफायरमध्ये काय जळणार? बायोगॅस होतो, पण तोही बारीक कुट्टी करून शेणात मिसळला तर. नाहीतर तंतू वर तरंगून टाकीत साय धरतात. एक घनमीटर गॅसमागे दीड-दोन युनिट मिळतात, फार नाही. मात्र खांबातलं पालाश स्लरीतून, म्हणजे टाकीतून निघणाऱ्या रबडीतून, परत बागेत जातं. माझ्या लेखी खरी कमाई तीच, वीज वरकड.

भुसावळचा फिटर
गॅसिफायर दुरून साजरा. काडी कोरडी हवी, ओलावा वीस टक्क्यांच्या आत, तुकडे एकसारखे. यात कसूर झाली की गॅसबरोबर डांबर येतं, फिल्टर तुंबतो, व्हॉल्व्ह चिकटतात. गॅस धुतलेलं काळं, वासाचं पाणी कुठे सोडणार, हे माहितीपत्रकात छापत नाहीत. डिझेल इंजिनावर चालवायचं तर थोडं डिझेल लागतंच. त्यापेक्षा काडी विका. केंद्राने २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास गोळ्या मिसळायला सांगितलंय, आणि दीपनगरचं औष्णिक केंद्र काही लांब नाही.

पारोळा कपाशीवाला
सगळे विजेवर बोलताय, अळीवर कोणीच नाही. वर्षभर जळण पुरवायचं तर गावात पऱ्हाटीच्या गंज्या लागणार. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तशीच बसलेली असते. पुढच्या हंगामात पतंग आमच्याच शेतात. आम्ही फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी राखणं, सोडायची आणि तुम्ही गंजी रचायची?

चोपड्याचा नाना
अळीचा मुद्दा बिनतोड. म्हणून गंजी नकोच, उपटली की शेतातच श्रेडरने कुट्टी. मोटरीचं उदाहरणही सोडतो. पण केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर घ्या. त्याला फुकट वीज नाही, लाइट गेली की तापमान चढतं आणि जनरेटर डिझेल पितो. तिथे कुट्टीची वीज जनरेटरच्या डिझेलशी तोलायची, सरकारी विजेशी नाही. आणि दीपनगरला गोळ्या विकल्या तर काडीचा दाम तेवढा आपला, विजेचा त्यांचा.

रावेरकर
डिझेलशी तुलना मान्य. पण जनरेटर बटण दाबलं की चालू होतो. रात्री लाइट गेल्यावर गॅसिफायर पेटवून गॅस धरेपर्यंत चेंबरमधला माल कोण सांभाळणार? आणि काडी टाकायला रोज रात्री बसणारा माणूस चोपड्यात मिळत असेल तर त्याला आधी माझ्याकडे पाठवा, घड वाहायला माणसं मिळत नाहीयेत.