‘अमाइन सॉल्ट’मधलं अमाइन म्हणजे काय?

प्रश्न (घनसावंगी, जि. जालना): ज्वारीत मारायला टू-फोर-डी हे तणनाशक आणलंय. बाटलीवर ‘अमाइन सॉल्ट’ लिहिलंय. दुकानदार म्हणतो, अमाइन म्हणजे अमोनियाच, युरियाचा भाऊ, पिकाला नत्रही मिळतं. खरं का? आणि याला मराठीत काय म्हणायचं?

परभणीहून उत्तर: दादा, तणनाशकातून कसलं आलंय नत्र! अमोनियात नायट्रोजनच्या एका अणूला हायड्रोजनचे ३ अणू चिकटलेले असतात. त्यांतला एखादा, दोन किंवा तिन्ही काढून तिथं कार्बनी गट बसवले की झालं अमाइन. एक बदलला तर प्राथमिक, दोन बदलले तर द्वितीयक, तिन्ही बदलले तर तृतीयक. तुमच्या बाटलीत बहुधा डायमिथाइल अमाइन असेल, म्हणजे द्वितीयक. टू-फोर-डी मुळात आम्ल, पाण्यात फारसं विरघळत नाही. अमाइन पडलं आम्लारी. दोघं मिळून जो क्षार होतो तो मात्र पाण्यात सहज विरघळतो. ‘सॉल्ट’ म्हणजे हाच क्षार.

लातूरहून उत्तर: प्रतिशब्द घडवत बसू नका, अमाइनच म्हणा. फक्त काहीजण ‘अमीन’ लिहितात ते नको. आपल्याकडं निजामाच्या राज्यात अमीन म्हणजे पोलीस अधिकारी! कल्हईवाल्याचा नवसागर ठाऊक असेल, तो अमोनियम क्लोराइड. त्याचं जुनं लॅटिन नाव इजिप्तच्या आमोन देवावरून पडलं. त्यावरून अमोनिया आणि अमोनियावरून अमाइन.

परभणी: आणि युरिया अमाइन नव्हेच, तो अमाइड. त्यात नायट्रोजनशेजारच्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेला असतो, म्हणून गुणधर्म पार बदलतात. शेवटचं अक्षर नीट वाचत जा. ग्लायफोसेटच्या एका बाटलीवर ‘आयसोप्रोपाइल अमाइन सॉल्ट’ असतं, दाणेदार पुड्यावर ‘अमोनियम सॉल्ट’. तण मारणारं ग्लायफोसेट दोन्हीकडं तेच, जोडीदार तेवढा वेगळा.

घनसावंगी: बांधापलीकडं भावकीचा कापूस आहे. अमाइन सॉल्ट उडत नाही म्हणतात, मग बिनधास्त मारू?

परभणी: बिनधास्त नको! टू-फोर-डीचाच दुसरा प्रकार ईथाइल ईस्टर, त्याची वाफ होऊन लांब जाते, अमाइन सॉल्टची त्यामानानं फार कमी. पण वाऱ्यावर फवाऱ्याचे थेंब जायचे ते जातातच. कापसाला टू-फोर-डी जरासुद्धा सोसत नाही, पानं अरुंद होऊन बोटांसारखी फाकतात. वारा पडल्यावरच मारा, अन् तो पंप कापसाला लावू नका.