शब्दचर्चा: रेषेचा ‘चढ’ उतरता कसा?

दहावीची आई:
लेकीचा निर्देशक भूमितीचा धडा चाललाय. ‘रेषेचा चढ −२’ असं उत्तर आलं आणि लेक अडून बसली. रेषा तर खाली चाललीय, मग चढ कसला? सरळ ‘उतार २’ म्हणा की! मला काही सांगता आलं नाही. शब्दच चुकीचा निवडलाय का?

शिकवणीवाला:
चुकीचा नाही ताई, पण फसवा आहे. बोलीत चढ की उतार हे चालणारा ठरवतो. बोरघाट मुंबईहून पुण्याला जाताना चढ आणि परत येताना उतार. घाट तोच. गणितातल्या चढावर कुणी चालतच नाही.
तिला (१, ७) आणि (४, १) हे बिंदू घ्यायला सांगा. य मधला फरक १ − ७ = −६, क्ष मधला ४ − १ = ३. भागाकार −२, तोच चढ. आता उलटीकडून निघू: ७ − १ = ६, १ − ४ = −३. पुन्हा −२! दिशा बदलली की वरचं आणि खालचं अशी दोन्ही चिन्हं एकदमच पालटतात, म्हणून भागाकार हलत नाही. (मुलं वरचा फरक एका बिंदूपासून काढतात आणि खालचा दुसऱ्यापासून. निम्म्या चुका तिथल्या.) वजा चिन्हाचा अर्थ एवढाच, की क्ष वाढला की य घटतो.

वाणिज्य शाखा:
पुढच्या वर्षी कॉमर्सला गेली तर आणखी गंमत आहे. अर्थशास्त्रात आम्ही ‘मागणी वक्राचा उतार ऋणात्मक’ असं पाठ केलंय. म्हणजे गणितात चढ, अर्थशास्त्रात उतार, आणि दोन्हीकडे खाली जाणाऱ्या रेषेला वजाच!

शिकवणीवाला:
हे खरंच खटकतं. ‘ऋण चढ’ म्हणजे उतार, हे मराठी कानाला पटतं. त्याच न्यायाने ‘ऋण उतार’ म्हणजे चढ व्हायला हवा. पण मागणी वक्र तर किंमत वाढली की मागणी घटते म्हणून खाली येतो. भूगोलात समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जवळजवळ असल्या की ‘तीव्र उतार’ म्हणतात. तिथे धन-ऋणाचा प्रश्नच नसतो, म्हणून चालून जातं.

बांधकामवाला:
आमच्याकडे तिसराच शब्द आहे, ढाळ. न्हाणीघराच्या फरशीला ‘फुटाला दोन सूत ढाळ’ देतात. दोन सूत म्हणजे पाव इंच. चढ म्हणा नाहीतर उतार, पाण्याला जाळीची दिशा कळल्याशी कारण.

शिकवणीवाला:
दादा, तुम्ही व्याख्याच सांगितलीत! पाव इंच भागिले बारा इंच, म्हणजे ४८ला १, साधारण ०.०२१. आता बोरघाटातला रेल्वेमार्ग बघा. तिथे सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे, म्हणजे ०.०२७. गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात तो घाट तुमच्या न्हाणीघराच्या फरशीहून जेमतेम थोडासा उभा. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, पकड ती किती असणार! लेकीला हे सांगा, ०.०२७ हा आकडा ती विसरणार नाही.

वाणिज्य शाखा:
मग पुस्तकात ढाळच का नाही घेतला? गुजरातीत घेतलाय.

बांधकामवाला:
कारण ‘ढाळ लागणे’ म्हणजे काय ते वर्गातल्या शेवटच्या बाकाला नीट माहीत असतं.

शिकवणीवाला:
हाहा. हिंदीत ‘प्रवणता’ही चालतं. मराठीत प्रवण म्हटलं की अपघातप्रवण, दुष्काळप्रवण एवढंच डोळ्यांपुढे येतं, पण मुळात तो शब्द उतरत्या जागेचाच. कललेलं, म्हणून तिकडे झुकणारं. ‘कल’सुद्धा त्याच घरातला, पण मतमोजणीच्या दिवशी तो टीव्हीवाल्यांनी पळवला. माझं मत विचाराल तर ‘चढ’ राहू द्या. दोन अक्षरी, सुटसुटीत आहे, फक्त पहिल्याच तासाला ‘डावीकडून उजवीकडे वाचायचं’ एवढं बजावावं.

दहावीची आई:
आभारी आहे. तिला घाट पटला. पण लगेच पुढचा प्रश्न: एकदम उभ्या रेषेचा चढ किती? अनंत का?

शिकवणीवाला:
अनंत लिहू देऊ नका, गुण जातील. उभ्या रेषेवर सगळ्यांचा क्ष सारखाच, म्हणजे खाली शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून ‘चढ निश्चित करता येत नाही’ असं लिहायचं. आडव्या रेषेचा मात्र चढ आहे, तो शून्य. या दोघांत गल्लत नको.

बांधकामवाला:
आमच्यातही भिंतीला ढाळ किती असं कुणी विचारत नाही. भिंतीला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावतात.